दोन रंग भेटतात तिथे

मंडळी, टॅपेस्ट्री म्हणजे परदेशी राजवाड्यांत भिंतीवर टांगतात ते काहीतरी, अशी आपली समजूत असते. मी लाकडी चौकटीला खिळे ठोकून, सुताचा ताणा बांधून ती शिकू लागले, आणि थोड्याच दिवसांत ध्यानात आले की ही वस्तू आपल्याच कपाटात घडी घालून ठेवलेली आहे. पैठणीचा पदर म्हणजे टॅपेस्ट्रीच!

साध्या कापडात आडवा धागा, म्हणजे बाणा, एका काठापासून दुसऱ्या काठापर्यंत जातो. टॅपेस्ट्रीत तो आपल्या रंगाच्या हद्दीपर्यंत जातो आणि तिथूनच मागे फिरतो. पुढे दुसरा रंग, त्याचा धागा वेगळा. पैठणीचे विणकर यासाठी छोट्या छोट्या तिल्ल्या वापरतात. पानाची हिरवी, चोचीची लाल. म्हणजे चित्र कापडावर काढलेले नसते, चित्र हेच कापड असते. (फ्रान्समधली बायोची प्रसिद्ध 'टॅपेस्ट्री' खरे तर भरतकाम आहे. नावावर जाऊ नये.)

शिकताना पहिला धडा असा, की बाणा ताणून ओढायचा नाही. कमानीसारखा सैल टाकायचा आणि मग फणीने दाबायचा, नाहीतर कडा आत येऊन कापडाची कंबर बारीक होते. दुसरा धडा मला फार आवडला. दोन रंग भेटतात तिथे काय करायचे?

दोघेही आपापल्या ताण्यावरून परतले तर मध्ये उभी फट राहते. तुर्कस्तानातल्या बऱ्याच किलीमांत ती तशीच ठेवतात, आणि ती लांबू नये म्हणून नक्षी पायऱ्यापायऱ्यांची करतात. चीनच्या रेशमी 'केसी'त या फटींमुळे चित्र कोरल्यासारखे दिसते. पॅरिसचा गोबलँ कारखाना चौदाव्या लुईचा मंत्री कोल्बेर याने १६६२ साली उभा केला. तिथे फटी सुईने शिवून घेतात. आपला पैठणीचा विणकर मात्र परतण्याआधी दोन धागे एकमेकांत अडकवतो. त्यामुळे फट राहत नाही आणि पदर उलटा केला तरी मोर मोरच दिसतो. काश्मीरची कानी शालही अशीच अडकवून विणतात.

विल्यम मॉरिस हा इंग्रज कवी आणि कारागीर वयाच्या पंचेचाळिसाव्या वर्षी, १८७९ साली, हे शिकला. लंडनच्या घरात झोपायच्या खोलीतच माग लावला आणि एका जुन्या फ्रेंच पुस्तकावरून एकटा बसला. तास लिहून ठेवायचा. पहिल्या कापडाला पाचशेहून अधिक तास लागले! पैठणी महाग का, असे विचारणाऱ्यांना मी हा आकडा सांगते.

जाता जाता एक गोष्ट, इतिहासाची बाई म्हणून. पैठणी रोमला जायची आणि बदल्यात सोने यायचे, असे आपण कौतुकाने सांगतो. पहिल्या शतकातल्या 'पेरिप्लस' या ग्रीक ग्रंथात पैठणचे नाव आहे खरे, पण तिथून गाड्यांवर लादून भडोचला जातात ते मौल्यवान दगड. कापड जाते ते तेरहून, आणि तेही साधे कापड आणि मलमल. जरीच्या पदराचा त्यात उल्लेख नाही. पेशवाईतली मागणीची पत्रे मात्र खरी आहेत. पैठणीला तेवढा इतिहास पुरे आहे, रोमची उसनवारी कशाला?

आता घरच्या मंडळींसाठी. आईच्या पैठणीच्या पदराचे चार तुकडे करून काचेत बसवावेत, प्रत्येकाकडे एक, अशी सूचना दिवाळीत निघाली होती. हेतू चांगला होता. पण माझा विरोध आहे, आणि कारण वर आलेच आहे. त्या पदरात प्रत्येक रंगाचा धागा शेजारच्या रंगाला धरून परतलेला आहे. मोराच्या मधून कात्री गेली की ती वळणे तुटतात आणि तिथून धागे सुटू लागतात. पदर अखंडच ठेवू. एकेक वर्ष एकेका घरी राहू दे.

पहिले वर्ष धाकट्या वहिनीकडे. मलमलीत गुंडाळून ठेव ग, आणि मधूनमधून घडी बदल. एकाच घडीवर जर तडकते.