सुगंध निष्कर्षण (शालेय प्रयोग)

वनस्पतीच्या फूल, साल, बी इ. भागांतील गंधद्रव्ये निरनिराळ्या द्रवांत उतरवून त्या अर्कांची तुलना करण्याचा सोपा प्रयोग. बहुतेक गंधद्रव्ये बाष्पनशील व तैलरूप असतात. पाण्यात ती जेमतेम विरघळतात, अल्कोहॉलात व तेलात सहज. प्रयोग या फरकावरच बेतलेला आहे.

कृती : लवंग सर्वांत सोयीची. तिच्यात बाष्पनशील तेल भरपूर असते आणि त्याचा मोठा भाग यूजेनॉल या एकाच संयुगाचा असतो. लवंगा खलबत्त्यात भरड कुटून सारख्या वजनाने तीन बाटल्यांत घालतात व त्यांवर सारख्याच मापाने पाणी, स्पिरिट आणि रिफाइंड तेल ओततात. घाण्याचे खोबरेल टाळावे, त्याचा स्वतःचा वास आड येतो. घट्ट बुचे लावून बाटल्या रोज हलवतात आणि काही दिवसांनी अर्क गाळून घेतात. लवंगेऐवजी फुले घेतल्यास पाण्यातला नमुना लवकर आंबतो, म्हणून तिन्ही बाटल्या दुसऱ्याच दिवशी गाळाव्यात. अर्काचा थेंब टीपकागदाच्या पट्टीवर टाकून हुंगतात; स्पिरिटचा भपका उडून जाईपर्यंत थांबणे आवश्यक. स्पिरिट ज्वालाग्राही व पिण्यास घातक आहे. बाटली गॅसजवळ नेऊ नये.

निरीक्षणे : पाणी तपकिरी होते व त्यातच अर्क अधिक उतरला, असा विद्यार्थ्यांचा समज होतो. हा रंग मुख्यतः टॅनिनांचा असतो. फेरिक क्लोराइडचा थेंब टाकताच पाणी निळसर काळे पडते. स्पिरिटमधील दाट अर्काचे काही थेंब स्वच्छ पाण्यात सोडले, तर पाणी दुधाळ होते, कारण विरघळलेले तेल सूक्ष्म थेंबांच्या रूपाने वेगळे होते. नाक लवकर थकते, शिवाय प्रत्येकाचे निराळे. त्यामुळे नुसत्या हुंगण्यापेक्षा दुधाळपणाची ही कसोटी भरवशाची. तेलातील अर्काचा गंध मंद पण टिकाऊ असतो.

ग्लिसरीन व व्हिनेगर वापरूनही प्रयोग करता येतो.

व्यवहारातील पद्धती : यूजेनॉलचा उत्कलनबिंदू सु. २५४° से. असला, तरी पाण्याच्या वाफेबरोबर ते १००° से.च्या किंचित खालीच ऊर्ध्वपातित होते. कनौजचे अत्तरवाले तांब्याच्या ‘देग’मध्ये फुले व पाणी तापवून वाफ ‘भपका’ या ग्राहक भांड्यातील चंदनतेलात उतरवतात. मोगरा-चमेलीसारख्या फुलांचा गंध उष्णतेने बिघडतो. अशी फुले तिळांत थरांनी पसरून, नंतर तीळ घाण्यात पिळून फुलेल काढण्याची रीत उत्तर भारतात होती. फ्रान्समधील ग्रास येथे तिळांऐवजी शुद्ध केलेली प्राणिज चरबी वापरत. पुढे हेक्झेनसारख्या विद्रावकांनी ही पद्धत मागे टाकली.

इतिहास : सुगंधासाठी ऊर्ध्वपातन भारतात केव्हा सुरू झाले, याविषयी अभ्यासकांत एकमत नाही. वराहमिहिराच्या *बृहत्संहिते*त ‘गंधयुक्ति’ हे स्वतंत्र प्रकरण आहे. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराचे अभिरक्षक परशुराम कृष्ण गोडे (१८९१–१९६१) यांनी गंगाधरकृत *गंधसार* व अज्ञातकर्तृक *गंधवाद* यांचे हस्तलिखित उजेडात आणले. *गंधवादा*वर मराठी टीका आहे. हे दोन्ही ग्रंथ १९८९ मध्ये बडोद्याहून एकत्र प्रसिद्ध झाले.