चिखलदऱ्याचा घाट आणि तीन गाड्या

परवा एका मित्रानं विचारलं, "पळणारी टर्बो गाडी घेऊ, की साधी, कमी खर्चाची?" म्हटलं, हे भांडण नवं नाही. चला, चाळीस वर्षं मागे जाऊ अन् चिखलदऱ्याचा घाट चढू.

परतवाडा सुटलं की रस्ता सातपुड्यात शिरतो. चिखलदरा सुमारे १,१०० मीटर उंचीवर. खाली मे महिन्यात पारा ४५ च्या घरात. गाडीची खरी परीक्षा इथंच.

पहिली गाडी, प्रीमियर पद्मिनी. वालचंद हिराचंद यांनी १९४४ मध्ये उभ्या केलेल्या कंपनीची, मुंबईत कुर्ल्याला बनणारी, मूळची इटलीची फियाट. इंजिन १,०८९ सीसी, गिअर स्टिअरिंगपाशी. दिसायला देखणी, चालवायला मजेची. पण उन्हात चढण लागली की पेट्रोलची पाइपातच वाफ व्हायची अन् गाडी बंद! मग बोनेट उघडायचं, पेट्रोल पंपावर ओलं फडकं टाकायचं आणि झाडाखाली बसायचं. शिवाय वर हवा विरळ. जुन्या इंजिनाची ताकद दर हजार मीटरला साधारण दहा टक्के घटते. एक मात्र होतं, पाना-पेचकसवाला कोणताही मिस्त्री ती चालू करून द्यायचा.

दुसरी, कॉन्टेसा. १९८४ मध्ये आली. लांबलचक, रुबाबदार. पण बोनेटखाली सुरुवातीला अँबेसेडरचंच १.५ लिटरचं इंजिन! म्हणजे बाहेरून पहिलवान, आतून दम लागलेला. पुढे इसुझूचं १.८ लिटरचं इंजिन आलं तेव्हा गाडी खरंच पळू लागली. पण पेट्रोलचा खर्च साध्या नोकरदाराला कुठं परवडणार?

तिसरी, मारुती ८००. पहिली गाडी १४ डिसेंबर १९८३ ला ग्राहकाच्या हाती गेली. ७९६ सीसी, तीन सिलिंडर. लोक डबा म्हणून हसले. पण ती पद्मिनीपेक्षा दोनशे किलोहून जास्त हलकी होती. ताकद जवळपास तितकीच, ओझं कितीतरी कमी. म्हणजे हा 'डबा' घाटात देखण्या गाडीच्या पुढे जायचा, अन् पेट्रोलही कमी प्यायचा.

आता गंमत बघा. आपण समजतो, मजा एकीकडे आणि भरवसा दुसरीकडे. इतिहास वेगळंच सांगतो. ज्या गाडीनं मधेच थांबवलं नाही, तिच्यातच माणसं जास्त फिरली. मोझरी पॉइंटला सूर्यास्त बघायचा असेल तर आधी तिथं वेळेत पोचावं लागतं ना बाप्पा!

पण मारुतीच्या बाजूनंही डोळे झाकून बोलू नका. पद्मिनीचा बिघाड फडक्यानं निघायचा. आजच्या गाडीचा दिवा लागला की स्कॅनर लागतो. गाड्या बिघडतात कमी, पण बिघडल्या की आपल्या हातात काही उरत नाही.

म्हणून मित्राला सांगितलं, बीएचपी विचार, मायलेज विचार, पण तिसरा प्रश्न विसरू नको: घाटात बंद पडली, तर दुरुस्त करणारा किती किलोमीटरवर आहे, आणि पार्ट किती दिवसांत येतो? देखभालीचा खर्च फक्त रुपयांत मोजायचा नसतो.

तुमच्या घरी पहिली गाडी कोणती होती? आईबाबांना विचारा. घाटातला एखादा किस्सा नक्की निघेल. भेटू पुढच्या भागात!