भीमाशंकरची घंटा व तिचे मूळ घर

चाकणहून राजगुरुनगरमार्गे घाटमाथ्यावर भीमाशंकरास गेले असता शनिमंदिरासमोर एक मोठी फिरंगी घंटा टांगलेली आढळते. इ. स. १७३९ च्या मे महिन्यात वसई सर झाल्यावर चिमाजी आप्पांनी ती तेथून आणून देवास वाहिली, अशी परंपरा आहे. वाईनजीक मेणवलीस कृष्णाकाठची घंटा याच जातीची. तिच्यावर १७०७ हा सन व बाळ येशूस घेतलेल्या मरियेची आकृती आहे. विजयचिन्ह म्हणून आणलेली ही घंटा वितळविली नाही, आकृतीही घासून टाकली नाही. ही गोष्ट आम्हांस वेढ्याच्या वर्णनाइतकीच मोलाची वाटते.

परंतु ज्या वास्तूंसाठी अशा घंटा ओतविल्या त्यांचे अंतरंग वसईत उरलेले नाही. सेंट जोसेफच्या द्वारावर १६०१ चा लेख आहे, जेझुइटांच्या चर्चचे दर्शनी तोंड उभे आहे. छप्पर व लाकूडकाम मात्र गेले. त्या वैभवाची कल्पना येण्यास जुन्या गोव्यातील जेझुइटांचेच बॉम जेझुस पाहावे. त्याचे काम १५९४ त सुरू होऊन १६०५ त ते देवार्पण झाले.

आत भिंती अगदी साध्या, म्हणूनच दृष्टी थेट समोरच्या वेदीवर जाते. छतापर्यंत चढलेले ते कोरीव लाकूड सोन्याच्या वर्खाने मढविलेले आहे. खांब पिळाचे, त्यांवर वेलबुट्टी. मध्ये इग्नेशियसचा भव्य पुतळा, त्याच्या पायाशी बाळ येशू, वर किरणांच्या बिंबात येशूच्या नामाची अक्षरे. उजव्या हाताच्या दालनात झेवियरची समाधी आहे. तिचा संगमरवरी चौथरा टस्कनीचा अधिपती तिसरा कोझिमो याने फोगिनी या शिल्पकाराकडून करवून पाठविला; तो १६९८ त बसविला. वाटाडे त्याचीच थोरवी गातात. आमच्या मते खरा ऐवज वरची रुप्याची पेटी होय, कारण ती १६३६–३७ त गोव्याच्याच सोनारांनी घडविली.

वसईच्या पावसात लाकूड कुजले, वर्ख उडाला. ओतीव धातू तेवढा टिकला. त्यामुळे त्या चर्चांचा पुरावा आता देशावरच्या शिवालयांत शोधणे प्राप्त आहे. प्रत्येक घंटेचा व्यास, सन, अक्षरे व क्रूस यांचे ठसे घेतले जावेत. संग्राहकांनीही आपल्या दप्तरांतील देवस्थानांचे जमाखर्च या दृष्टीने चाळावेत. एवढे ओझे घाट चढवावयास माणसे व बैल लागलेच असतील, आणि पेशवाईतले कारकून मजुरी लिहावयास सहसा विसरत नसत.