लॉख लोमंडसाठी बोट घेताय? हलकी घ्या, पण जपून!



ग्लासगोहून ए-८२ ने तासाभरात लॉख लोमंड गाठता येतं. त्यामुळे मासेमारीची आवड असलेल्या आपल्यापैकी अनेकांना कधीतरी स्वतःची बोट घ्यावीशी वाटते. गाडी छोटी, म्हणून बोटही छोटी आणि हलकी, असा सरळ हिशोब मीही केला होता. मग एकदा मित्राच्या ११ फुटी, सपाट तळाच्या बोटीतून गेलो. सकाळी पाणी ताटासारखं सपाट होतं. दुपारी वारा सुटला आणि पोळीभाजीच्या रिकाम्या डब्याने पाणी उपसत आम्ही काठ गाठला. त्यानंतर जो अभ्यास केला तो इथे देत आहे.

१) तळं म्हणजे शांत पाणी नव्हे
लोमंडचं क्षेत्रफळ सुमारे ७१ चौ. किमी आहे. दक्षिणेला ते रुंद आणि उथळ आहे, तर उत्तरेला अरुंद, सुमारे १९० मीटरपर्यंत खोल आणि डोंगरांमधून वारा खेचून घेणारं. तळ्यातल्या लाटा समुद्रापेक्षा लहान, पण उभ्या आणि एकामागोमाग येतात. मार्च २००९ मध्ये लॉख ऑ इथे चार मासेमार बुडाले. आपल्याकडे उजनीच्या जलाशयातही मे २०२४ मध्ये वादळी वाऱ्यात बोट उलटून सहा जण गेले. दोन्ही गोड्या पाण्यावरच्याच घटना.

२) बोटीवरची पाटी वाचा
नव्या आणि बऱ्याच वापरलेल्या बोटींवर उत्पादकाची पाटी असते. तिच्यावर माणसांची कमाल संख्या, कमाल वजन आणि वर्ग लिहिलेला असतो.
- वर्ग 'डी': वारा फोर्स ४ पर्यंत (ताशी २८ किमी), लाटा ०.३ मीटरपर्यंत.
- वर्ग 'सी': वारा फोर्स ६ पर्यंत (ताशी ४९ किमी), लाटा २ मीटरपर्यंत.
लोमंडसाठी 'सी' वर्गच बघा.

३) वजन कुठे वाचवायचं?
लांबीत आणि काठाच्या उंचीत वाचवू नका, साहित्यात वाचवा. १४ ते १६ फुटी, पुढून व्ही आकाराच्या तळाची, उंच काठाची ॲल्युमिनियम बोट फायबरपेक्षा बहुधा हलकी पडते. बाकांखाली तरंगणारा फोम आहे ना, हे जरूर विचारा.

४) टोइंगचा हिशोब
ब्रेक नसलेल्या ट्रेलरला कायद्याने मर्यादा आहे: ७५० किलो किंवा गाडीच्या वजनाच्या निम्मं, यातलं जे कमी असेल ते. म्हणजे ११०० किलोच्या गाडीला ५५० किलो. एक अंदाज पाहा:
बोट १५० + इंजिन ५० + पेट्रोल, बॅटरी, नांगर ५० + ट्रेलर १५० = ४०० किलो.
म्हणजे १४ फुटी बोट छोट्या गाडीलाही झेपू शकते! मात्र गाडीच्या पुस्तिकेत दिलेली मर्यादा याहून कमी असेल तर तीच पाळा. ट्रेलर जोडल्यावर वेगमर्यादा साध्या रस्त्यावर ताशी ५० मैल, तर ड्युअल कॅरेजवे आणि मोटरवेवर ६० मैल असते.

५) पाण्यात उतरण्यापूर्वी
- इंजिनाची बोट असल्यास नॅशनल पार्ककडे नोंदणी बंधनकारक आहे.
- स्कॉटलंडमध्ये सर्वसाधारण रॉड लायसन्स लागत नाही, पण त्या पाण्याचं परमिट लागतं. रविवारी सामन मासा धरायला बंदी आहे.
- इंजिन बंद करणारी दोरी अंगाला बांधा. वल्ही आणि पाणी उपसायला बादली (डबा नव्हे!) सोबत ठेवा.
- लाइफ जॅकेट बाकाखाली नको, अंगावर हवं. पाणी उन्हाळ्यातही इतकं गार असतं की पट्टीच्या पोहणाऱ्याचेही हातपाय आखडतात.

शेवटी एकच सांगतो. बोट निवडताना सकाळचं पाणी डोळ्यांसमोर आणू नका, दुपारी परतताना लागणारं पाणी आणा. आणि वारा वाढणार असा अंदाज असेल तर बोट ट्रेलरवरच राहू द्या. मासे पुढच्या शनिवारीही तिथेच असतील.