पाढ्यांचे कृतियुक्त अध्यापन

पाढ्यांचे कृतियुक्त अध्यापन म्हणजे गुणाकाराचे पाढे केवळ घोकून न घेता बिया, काड्या, दोरा अशा वस्तूंच्या साहाय्याने मुलांकडूनच तयार करवून घेण्याची पद्धत होय.

पार्श्वभूमी

पंतोजींच्या शाळेत पूर्णांकांच्या पाढ्यांबरोबर पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दीडकी, अडीचकी व औटकी (साडेतीनचा पाढा) मुखोद्गत करावी लागत. शेर-पावशेर व रुपये-आण्यांच्या हिशेबात त्यांचा रोजचा उपयोग होता. १९५७ साली दशमान नाणी आली, पाठोपाठ मेट्रिक मापे आली आणि अपूर्णांकांचे पाढे मागे पडले. पूर्णांकांचे पाढे व ते एका सुरात म्हणण्याची रीत मात्र टिकली. या सुराला नावे ठेवण्याचे कारण नाही, कारण लय स्मरणास साहाय्यच करते. अडचण वेगळीच आहे. ‘सात आठे किती?’ असे मध्येच विचारल्यास अनेक मुलांना ‘सात एके सात’पासून आरंभ करावा लागतो.

भाषेचा प्रश्न

त्रिक, चोक, सक हे पाढ्यांतील शब्द त्रिक, चतुष्क, षट्क या संस्कृत शब्दांवरून आले असून ते नित्याच्या तीन, चार, सहा यांहून भिन्न आहेत. शिवाय ‘सत्तावन्न’मध्ये सात आधी ऐकू येतो, म्हणून मूल ७५ लिहून मोकळे होते. २०१९ साली बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात ‘वीस एक’ अशी संख्यावाचनाची रीत आली, तेव्हा राज्यभर वाद झाला. गणित समितीच्या अध्यक्षा मंगला नारळीकर यांनी त्या बदलाचे समर्थन केले होते.

नंदुरबार जिल्ह्यातील शहादा तालुक्यात, लोणखेडा व आसपासच्या गावांत, भिली, अहिराणी किंवा गुजरी बोलणाऱ्या घरांतील मुले शाळेत येतात. त्यांच्यासाठी अर्थाविना पाढा म्हणजे परक्या ध्वनींची माळ ठरते. परंतु कापसाच्या वा केळीच्या शेतातील ओळी त्यांच्या पूर्ण परिचयाच्या असतात. एका ओळीत किती झाडे आणि अशा ओळी किती, हाच गुणाकार होय.

प्रमुख कृती

चिंचोके किंवा खडे ओळींत मांडणे ही सर्वांत सोपी कृती. ‘बे त्रिक’ म्हणजे दोन-दोनच्या तीन ओळी. मांडणी बाजूने पाहिली की तीन-तीनच्या दोन ओळी दिसतात आणि ‘तीन दुणे’ही सहाच, हे सांगावे लागत नाही. सात-सातच्या आठ ओळी मांडून पाचव्या ओळीनंतर काडी ठेवली, तर ३५ व २१ असे दोन भाग पडतात. ‘सात आठे छप्पन्न’ विसरणाऱ्या मुलाला ते पुन्हा मिळविण्याची वाट इथे सापडते.

झाडूच्या काड्यांचा पाढा चेन्नईचे गणितशिक्षक पी. के. श्रीनिवासन यांनी मांडला व पुण्यातील आयुका संस्थेच्या विज्ञान केंद्रात काम केलेले अरविंद गुप्ता यांनी तो लोकप्रिय केला. तीन आडव्या काड्यांवर चार उभ्या काड्या ठेवल्या की बारा ठिकाणी छेद मिळतात. उभी काडी एकही नसेल तर छेदही नसतो. शून्याने गुणणे इतक्या सहज क्वचितच समजते.

तिसऱ्या कृतीत वर्तुळावर ० ते ९ हे अंक समान अंतरावर लिहून प्रत्येकी एक खिळा ठोकतात. शून्यापासून निघून पाढ्यातील एकक स्थानचे अंक दोऱ्याने क्रमाने जोडतात. चारच्या पाढ्यातून पाच टोकांची चांदणी तयार होते. सहाच्या पाढ्यातूनही तीच चांदणी उमटते, फक्त दोरा उलट दिशेने फिरतो. तीनचा पाढा दहाही खिळ्यांना स्पर्श करतो.

मर्यादा

कृतीस वेळ लागतो, आणि एकाच शिक्षकाला दोन-तीन इयत्ता सांभाळाव्या लागतात तेथे तो मिळणे कठीण. मांडलेली ओळ वहीत उतरवली नाही, तर चिंचोके गोळा होताच पाढाही गोळा होतो. पाठांतर टाळता येत नाही, परंतु त्याचे ओझे कमी होते. २ ते ९ या पाढ्यांत नऊपर्यंत ६४ गुणाकार येतात. क्रम उलटला तरी उत्तर तेच, हे ध्यानात आल्यावर ३६ उरतात, आणि २ व ५ चे सोपे गुणाकार वगळले की केवळ २१.