बंदुकीची माशी

आमच्या दक्षिण कोकणात शेतकऱ्याच्या घरी नांगर, जू, कोयता यांच्या पंगतीत एक ठासणीची बंदूक असे. शिकारीची हौस म्हणून ती कुणी ठेवत नसे. वायंगणाचं भात पोटरीला आलं की डुकरं उतरत, आणि एका रात्रीत वर्षाचं पोट चिखलात जाई. म्हणून ती राखणीची बंदूक. त्या बंदुकीचा सगळ्यात लहान आणि सगळ्यात आधी जाणारा भाग म्हणजे माशी.

नळीच्या तोंडाशी, वरच्या अंगाला, मिरीच्या दाण्याएवढा पितळेचा मणी, तीच माशी. रायफलीला मागंही खाच असते, पुढचा काटा त्या खाचेत धरायचा. ठासणीच्या बंदुकीला मागं बहुधा काही नसतं. नळीच्या पाठीवरून नजर सरळ न्यायची आणि पुढच्या मण्यावर टेकवायची. मणीच नसला तर अंधारात नळी कुठं संपली आणि रान कुठं सुरू झालं तेच कळत नाही. आजो म्हणत, "माशी गेली, बंदूक आंदळी झाली."

आमचे एक काका मराठा लाइट इन्फन्ट्रीतून निवृत्त होऊन आले होते. त्यांनी जन्मभर थ्री-नॉट-थ्री वागवलेली. ते सांगत, फौजेच्या रायफलीत माशीच्या दोन्ही बाजूंना पोलादी कान असतात. रायफल आपटली तर मार कानांवर बसतो, माशी वाचते. गोळी डावी-उजवीकडे जायला लागली तर आर्मरर खाचेतली माशी केसभर सरकवतो, वर-खाली जायला लागली तर कमी-जास्त उंचीची दुसरी बसवतो. आमच्या बंदुकीला ना कान, ना आर्मरर. काजीच्या फांदीला अडकली, मांगराच्या दाराला घासली, की माशी गळून पडायची.

पूर्वी ती बसवणं गावातलंच काम होतं. ज्यानं कोयत्याला पाणी द्यायचं त्यानंच माशीला डाख द्यायचा, आणि मजुरी भाताच्या सुगीला. मग कायदा बदलला. इंग्रजांनी 1878 साली हत्यारांचा कायदा करून बंदूक परवान्याखाली आणलीच होती. स्वतंत्र भारताचा 1959चा कायदा 1 ऑक्टोबर 1962पासून लागू झाला. त्यात शेतकऱ्याची आठवण ठेवलेली आहे: पिकाच्या खऱ्याखुऱ्या राखणीसाठी ठासणीची बंदूक मागणाऱ्याला परवाना द्यावा, असं तेराव्या कलमात आहे. पण पाचव्या कलमात बंदूक बनवणं, विकणं यांच्याच ओळीत दुरुस्तीही बसवली आहे. धंदा म्हणून दुरुस्ती करायची तर तिचा वेगळा परवाना हवा. म्हणजे बंदूक घरात ठेवायला आजोंकडे कागद होता, पण तिची माशी बसवायला गावात कुणाकडे नव्हता.

लोहार आजोंना म्हणाला, "तात्यानू, ह्या काम एका चिलमीचा. पण कायदो माका आत टाकतलो."

आजो म्हणाले, "मगे डुकरांका कायदो कोण वाचून दाकयतलो?"

कायदा चुकीचा होता असं मी म्हणणार नाही. दुरुस्तीच्या नावाखाली काय काय होऊ शकतं हे सरकारला ठाऊक होतं. पण त्याची किंमत मणीभर पितळेसाठी दिवस मोडणाऱ्यानं भरली. परवान्याचं दुकान शहरात. बंदूक गोणपाटात गुंडाळायची, कागद खिशात ठेवायचा आणि पहाटेची एस्टी धरायची. कामाचे पैसे थोडे, जाण्यायेण्याचे जास्त.

त्या दुकानातला म्हातारा कारागीर मला अजून आठवतो. आजोंचा हट्ट होता की माशी पितळेनं झाळून द्या, पुन्हा जन्मात निघायला नको. तो हसला. म्हणाला, पितळेच्या झाळेला नऊशे अंशांच्या आसपास ताव लागतो, तेवढ्या तावात नळीचं पोलाद बिघडतं. आणि हिच्यात तर दारूचा भडका सोसायचाय. कथील-शिशाचा डाख दोनशे अंशांच्या आतच वितळतो, नळीला कळतही नाही. दुनळी बंदुकीच्या दोन नळ्यासुद्धा बहुधा अशाच मऊ डाखानं जोडलेल्या असतात. त्यानं जागा घासून लखलखीत केली, दोन्ही अंगांना कथील चढवलं, माशी टेकवली आणि जेमतेम ऊब दिली. शेवटी ओल्या फडक्यानं सगळं पुसून तेल लावलं, कारण डाख धरायला लावलेलं तेजाब राहिलं तर तिथूनच गंज धरतो. स्वस्त काम होतं, आणि तेच योग्यही होतं.

पुढं 1972चा वन्यजीव कायदा आला. डुक्कर मारायलाही परवानगी लागू लागली. मग बंदूक राखणीला जाई ती बहुतेक आवाजापुरती. आभाळाकडे बार काढायला माशी कशाला लागते? निवडणूक आली की बंदूक पोलीस ठाण्यात जमा करायची, नंबरची चिठ्ठी घ्यायची. कधी निवडणूक नेमकी पिकाच्या दिवसांत यायची.

आज आमच्या वाडीत परवाने थोडे उरलेत आणि वायंगण त्याहून थोडं. डुकरं मात्र पूर्वीपेक्षा जास्त, शिवाय गवे. रात्रभर बसणारा माणूस मिळत नाही, म्हणून शेत पडीक. लोहाराचा मुलगा मुंबईला गेला, भाता कुजला. शेती एकदम सुटत नाही. आधी अशी एकेक बारीक गोष्ट हातातून सुटते, जी पूर्वी चालत जाऊन, सुगीच्या उधारीवर, गावातच करून मिळत होती.