पाणी किती, त्याआधी पाणी केव्हा

तासगाव, पंढरपूर किंवा नाशिकच्या द्राक्षबागायतदाराला ‘ताण’ हा शब्द पुस्तकातून शिकावा लागत नाही. खरड छाटणी एप्रिलच्या उन्हात येते, विहिरींनी तळ गाठलेला असतो आणि कित्येकांनी टँकरच्या पाण्यावर बागा जगवल्या आहेत. अशा दिवसांत वेलीच्या आत काय चालते, हे सांगणाऱ्या शास्त्राची ओळख वाचकांनी करून घ्यावी, असे मला फार वाटते.

माती सुकू लागली की वेलीत अ‍ॅब्सिसिक आम्ल वाढते आणि पानांवरची सूक्ष्म रंध्रे मिटू लागतात. त्याच्याही आधी शेंड्याची वाढ मंदावते. पानांचे अन्न बनवणे मात्र काही काळ बरे चालू राहते. वाढ थांबली, पण अन्न तयार होतेच आहे, हा मधला अवकाश फार मोलाचा. १९९०च्या दशकात ऑस्ट्रेलियातील संशोधकांनी त्याचाच उपयोग केला: मुळांच्या एका बाजूला पाणी, दुसरी कोरडी, आणि ठरावीक दिवसांनी अदलाबदल. जातींचे स्वभावही वेगळे. ग्रेनाश रंध्रे लवकर मिटते, शिराझ बराच वेळ उघडी ठेवते.

पण खरी गोम वेळेची आहे. खरड छाटणीनंतर नव्या काडीच्या डोळ्यांत घड धरायचा की बाळी (आधाराला वेढणारा तणावा), याचा निर्णय होत असतो. तेव्हाचा हलका ताण शेंड्याची धाव रोखून घडनिर्मितीला हात देतो. तोच ताण तीव्र झाला तर पुढच्या हंगामाचे घडच हातचे जातात. फळांसाठी केलेल्या गोडी छाटणीनंतर मणी सेट होताना पाणी तोडले, तर लहान राहिलेला मणी पुढे कितीही पाणी दिले तरी पुरता भरून निघत नाही. खाण्याच्या द्राक्षाला हे नुकसान. वाइनच्या द्राक्षाला मात्र लहान मणी हवाच असतो, कारण रंग सालीत असतो आणि लहान मण्यात गराच्या मानाने साल जास्त.

नवख्या वाचकांनी सुरुवात आकड्यांपासून करू नये. पानाचा ताण मोजणारे दाबपात्र शोलँडर आणि सहकाऱ्यांनी १९६५मध्ये प्रसिद्ध केले. त्याच्याकडे तुम्ही सावकाश वळालच. आधी एखादी ओळ निवडा आणि आठवडाभर रोज सकाळी तिचे शेंडे पाहा. तजेलदार वेलीची बाळी शेंड्याच्याही पुढे झेपावते. पाणी कमी पडू लागले की पान कोमेजण्याच्या कितीतरी आधी ती बाळी मान टाकते.